बाले पर्वतावर पहिल्यांदा जाताना : उंची, लांडगे आणि प्रवासाचे टप्पे

इथिओपियाच्या आग्नेय भागात, ओरोमिया प्रांतात, विषुववृत्तापासून उत्तरेला जेमतेम ७ अंशांवर बाले पर्वत राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,२०० चौरस किलोमीटर आहे. १९७० साली स्थापन झालेल्या या उद्यानाला २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. आफ्रिकेची सफर म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गवताळ माळ, सिंह आणि जिराफ येतात. येथे मात्र चार हजार मीटर उंचीवरचे थंड, वाऱ्याने झोडपलेले सानेत्ती पठार आहे आणि त्यावर तांबूस रंगाचे इथिओपियन लांडगे उंदरांच्या मागावर हिंडत असतात. त्या पठारावरून मोटारीचा रस्ता जातो, ही नवख्या पर्यटकाची सर्वांत मोठी सोय आहे आणि माझ्या मते सर्वांत मोठा धोकाही तोच आहे. पायी चढणाऱ्याचे शरीर वाटेतच विरळ हवेला सरावत जाते, गाडीत बसलेल्याला तेवढी सवड मिळत नाही. म्हणून पुढील सर्व टप्पे उंची हळूहळू कशी गाठावी या एकाच हिशोबाने आखले आहेत.

निघण्यापूर्वी : लस, व्हिसा आणि सामानातील दोन वस्तू

पहिले काम पीतज्वराच्या लसीचे. भारत सरकारच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत इथिओपियाचा समावेश आहे, त्यामुळे तेथून परत येताना विमानतळावर लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि ते नसल्यास प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि पुढे आयुष्यभर चालते. लस केवळ शासनमान्य केंद्रांवरच मिळते व तेथे आगाऊ वेळ घ्यावी लागते, हे लक्षात घेऊन प्रवासाच्या किमान महिनाभर आधी या कामाला लागावे. त्याच सुमारास आपल्या डॉक्टरांशी रेबीजची प्रतिबंधक लस आणि उंचीवरील त्रासासाठी दिले जाणारे अ‍ॅसिटाझोलामाइड या दोन्हींविषयी बोलून घ्यावे. हृदयविकार, दमा किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तर डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय हा बेतच आखू नये.

इथिओपियाच्या ई-व्हिसासाठी अर्ज करता येतो आणि मुंबईहून आदिस अबाबाला थेट विमान आहे. इथिओपियाच्या काही भागांत गेली काही वर्षे सशस्त्र संघर्ष चालू आहे, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा, आदिस अबाबातील भारतीय दूतावासाच्या सूचना वाचाव्यात आणि उद्यानाचे मुख्यालय असलेल्या दिन्शोपर्यंतच्या रस्त्याची चौकशी स्थानिक सहल आयोजकाकडे करावी. परिस्थिती बरी नसल्याचे कळले तर सहल पुढे ढकलावी. या बाबतीत धाडस दाखवण्यात काही अर्थ नाही.

ड्रोन नेऊ नये, कारण परवान्याशिवाय तो आदिसच्या विमानतळावरच काढून घेतला जातो. दुर्बिणीबद्दलही सीमाशुल्क अधिकारी विचारणा करतात असा अनेक पक्षिनिरीक्षकांचा अनुभव आहे, म्हणून दुर्बीण नेण्याचे नियम आयोजकाकडून आधीच विचारून घ्यावेत. दुर्बिणीशिवाय जाणे मात्र मी सुचवणार नाही, कारण सानेत्ती पठारावरील निम्मे सुख तिच्यातूनच मिळते.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा काळ नवख्यांसाठी सर्वांत सोयीचा असतो. या दिवसांत आकाश स्वच्छ असते, रस्ते कोरडे असतात, परंतु रात्री पठारावर पारा शून्याच्या बराच खाली उतरतो आणि पहाटे गवताच्या प्रत्येक पात्यावर हिमकण दिसतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात लांडगिणी पिल्ले घालतात. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत कमीअधिक पाऊस असतो. ज्यांना फुले, ढग आणि धुके आवडते त्यांनी पावसाळ्याच्या अखेरीस जाण्यास हरकत नाही, फक्त एखादा दिवस धुक्यात वाया जाईल ही तयारी ठेवावी.

पहिला टप्पा : आदिस अबाबा

आदिस अबाबा सुमारे २,३०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही साडेसहाशे मीटर उंच. मुंबईहून उतरल्यावर जिना चढताना किंचित धाप लागली तर घाबरू नये. येथे एक पूर्ण दिवस थांबावे, भरपूर पाणी प्यावे, मद्य टाळावे आणि पुढच्या प्रवासासाठी स्थानिक चलन, म्हणजे बिर्र, पुरेशा प्रमाणात रोख घ्यावे. उद्यानाजवळच्या रोबे आणि गोबा या गावांत बँका आहेत, पण घोडेवाला, वाटाड्या आणि चहाची टपरी यांचा व्यवहार रोखीनेच होतो.

येथेच घड्याळाचा घोळही समजून घ्यावा. इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक आणि आपले सहा म्हणजे त्यांचे बारा. सूर्योदयापासून घटका मोजण्याची आपली जुनी रीत ज्यांनी पंचांगात पाहिली आहे त्यांना हे फारसे परके वाटणार नाही, पण चालकाने ‘उद्या सकाळी बाराला निघू’ म्हटल्यावर दुपारपर्यंत झोपून राहणारे पर्यटक असतात. वेळ ठरवताना ‘इथिओपियन की परदेशी’ हा प्रश्न दर वेळी विचारावा. त्यांचे वर्षही तेरा महिन्यांचे असून आपल्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षे मागे चालते, म्हणून पावतीवरील तारीख पाहून गोंधळू नये.

दुसरा टप्पा : रस्त्याने दिन्शो

आदिसहून दिन्शो सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. एक रस्ता खचदरीतील सरोवरांच्या काठाने शाशेमेनेपर्यंत जाऊन तेथून दोदोला व अदाबामार्गे वळतो, तर दुसरा असेल्लावरून दोदोलाला येतो. दोन्ही वाटांनी जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. रोबेला विमानतळ आहे, पण विमानांचे वेळापत्रक बदलत असते, शिवाय रस्त्याने जाण्यात शेते, घोड्यांवरून बाजाराला निघालेली ओरोमो माणसे आणि हळूहळू थंड होत जाणारी हवा अनुभवता येते, म्हणून निदान जाताना तरी गाडीच निवडावी. गाडी चारही चाकांना गती देणारी, उंच बांधणीची असावी, कारण पुढे पठारावरचा रस्ता खडीचा आहे.

दिन्शो साधारण ३,१०० मीटरवर आहे आणि उद्यानाचे मुख्यालय येथेच आहे. येथे प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी, कारण पठारावर जाताना नाक्यावर ती दाखवावी लागते. वाटाड्याही येथेच ठरवावा. त्याचा दर, घोड्याचा दर, घोडेवाल्याचा दर आणि दिवसांची संख्या या चारही गोष्टी निघण्यापूर्वी कागदावर लिहून घेतल्यास शेवटच्या दिवशी वाद होत नाहीत. घोडेवाला घोड्याबरोबर येतोच, पण त्याची मजुरी घोड्याच्या भाड्यात धरलेली नसते; नेमकी हीच गोष्ट पहिल्या खेपेस माझ्या लक्षात आली नव्हती.

तिसरा टप्पा : दिन्शोत दोन रात्री

बहुतेक घाईचे पर्यटक दिन्शोत एक रात्र झोपून दुसऱ्या सकाळी पठारावर जातात, आणि माझे या बाबतीतले मत ठाम आहे की येथे किमान दोन रात्री काढाव्यात. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दर रात्री पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा सर्वमान्य नियम आहे. चार हजार मीटरवर हवेचा दाब, आणि म्हणून प्रत्येक श्वासातला प्राणवायू, समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचली तरी ती सानेत्ती पठाराच्या तळाशीही पोहोचणार नाही. पहिल्या खेपेस मी स्वतः हा नियम मोडला होता. सकाळी दहाच्या सुमारास पठारावर गाडीतून उतरलो, लोबेलिया या माणसाहून उंच वाढणाऱ्या वनस्पतीचे छायाचित्र घेण्यासाठी वीस पावले धावलो आणि उरलेला दिवस कपाळ दाबून धरत गाडीच्या मागच्या बाकावर काढला. समोर लांडगे होते असे बरोबरचे लोक सांगतात.

दिन्शोतला मधला दिवस काही रिकामा जात नाही. मुख्यालयाभोवती जुनिपर आणि कोसो वृक्षांचे राखीव वन आहे. कोसोच्या लोंबत्या तांबड्या फुलोऱ्यापासून पट्टकृमीवरचे औषध करण्याची इथिओपियात जुनी परंपरा आहे. या वनात सकाळी शांतपणे चालले तर माउंटन न्याला हमखास दिसतात. पिळदार शिंगांचा, करड्या-तपकिरी अंगाचा हा मोठा कुरंग केवळ इथिओपियाच्या या उच्च प्रदेशात आढळतो आणि शास्त्राला त्याची ओळख १९१० साली, म्हणजे एवढ्या मोठ्या प्राण्याच्या मानाने फारच उशिरा झाली. दुपारनंतर जवळच्या गायसाय खोऱ्यातील गवताळ पट्ट्यात जावे. तेथे न्यालांचे कळप, रीडबक जातीचे कुरंग आणि रानडुकरे उघड्यावर चरताना दिसतात.

दुसऱ्या रात्री झोपण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. जमिनीवर सरळ रेष कल्पून टाचेला चवडा लावत दहा पावले चालावे. तोल जात असेल, गोळी घेऊनही डोकेदुखी थांबत नसेल, मळमळ होत असेल किंवा बसल्या जागी धाप व खोकला येत असेल, तर दुसऱ्या दिवशी वर जाण्याचा विचार सोडून खाली उतरावे. तोल जाणे आणि विश्रांतीतही धाप लागणे ही दोन लक्षणे तर सकाळची वाट न पाहता उतरण्याची आहेत. दिन्शोहून रोबे सुमारे ३० किलोमीटर आहे आणि ते सहाशे मीटर खाली आहे.

चौथा टप्पा : सानेत्ती पठार

दिन्शोहून रोबे आणि तेथून गोबा असे आधी खाली उतरून मग पठाराची चढण लागते. गोबा सुमारे २,७०० मीटरवर आहे, आणि तेथून तासाभरातच गाडी चार हजारांच्या घरात जाते. वाटेत आधी झाडे ठेंगणी होतात, मग दाढीसारख्या राखाडी दगडफुलाने लगडलेली एरिकाची झुडपे येतात, आणि एका वळणानंतर तीही संपून नुसते आकाश उरते. सूर्योदयाच्या आधीच निघावे, कारण लांडगे सकाळी लवकर आणि संध्याकाळी अधिक हिंडतात, आणि दुपारी पठारावर अनेकदा ढग उतरतात.

वर पोहोचल्यावर नजर क्षितिजावर न ठेवता जमिनीवर ठेवावी, कारण या पठाराचे सारे जीवन उंदरांवर उभे आहे. गाडी थांबवून, काच खाली करून पाच मिनिटे बसले की आधी निर्जीव वाटलेली जमीन हलू लागते. त्यात सर्वांत पाहण्यासारखा प्राणी म्हणजे जायंट मोल-रॅट. आपल्याकडच्या घुशीएवढा हा प्राणी जगात फक्त बाले पर्वतात आढळतो. त्याचे डोळे डोक्यावर अगदी वरच्या बाजूला असतात, त्यामुळे बिळातून फक्त कपाळ बाहेर काढून तो सगळीकडे पाहू शकतो. दिवसातला फार थोडा वेळ तो बाहेर येतो, तोही अर्धाच. बिळाच्या तोंडाशी हाताला लागेल तेवढा पाला दातांनी ओरबाडतो आणि मागच्या मागे आत सरकतो. जवळच एक छोटा तपकिरी चॅट पक्षी बसलेला दिसतो, तो उकरलेल्या मातीतील किडे टिपत असतो.

लांडगा दिसतो तो बहुधा अशा बिळांच्या वस्तीतच. लांब पाय, निमुळते तोंड, विटकरी अंग, गळ्यावर व छातीवर पांढरे पट्टे आणि काळ्या टोकाची शेपटी. लांडगे कळपाने राहतात, पण उंदरांची शिकार एकेकट्याने करतात. बिळाजवळ आल्यावर तो पोट जमिनीला टेकेल इतका वाकतो, एक पाय उचलून तसाच ठेवतो, कान पुढे वळवतो आणि कित्येक मिनिटे हलत नाही. मग अचानक झेप, मातीचा फवारा, आणि बहुतेक वेळा रिकामे तोंड. ओरोमो भाषेत त्याला जेदाला फर्दा, म्हणजे घोड्याचा कोल्हा म्हणतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर फुलणाऱ्या निफोफियाच्या तांबड्या-पिवळ्या तुऱ्यांमधील मध चाटतानाही संशोधकांनी या लांडग्यांना पाहिले असून ते निरीक्षण २०२४ साली प्रसिद्ध झाले.

जगात या जातीचे प्रौढ लांडगे पाचशेहून कमी उरले आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक बालेत राहतात. गुराख्यांच्या कुत्र्यांकडून आलेल्या रेबीजने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून येथे अनेकदा कळपच्या कळप नाहीसे केले, आणि २०१०च्या साथीत कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगानेही तसाच फटका दिला. यासाठी १९९५ पासून काम करणारा इथिओपियन वुल्फ कॉन्झर्व्हेशन प्रोग्रॅम आसपासच्या कुत्र्यांना लस टोचतो आणि २०१८ पासून आमिषात घालून लांडग्यांनाही तोंडावाटे लस देतो. पर्यटकाने येथे पाळायचे नियम यातूनच येतात. गाडी हळू चालवावी, कारण रस्त्यावर लांडगे गाडीखाली मरतात. अन्नाचा तुकडाही मागे सोडू नये. लांडगा दिसल्यावर गाडीतून न उतरता इंजिन बंद करून बसावे आणि गुहेजवळ पिल्ले असल्याचा संशय आला तरी वाटाड्याला तिकडे नेण्याचा आग्रह करू नये.

पठारावर ठिकठिकाणी माणसापेक्षा उंच लोबेलिया उभे असतात, जे वर्षानुवर्षे वाढून एकदाच फुलतात आणि मरतात. छोट्या तळ्यांच्या काठी निळ्या पंखांचे हंस आणि भगव्या अंगाचे चक्रवाक दिसतात. आपल्याकडे हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर येणारा हाच पक्षी येथे मात्र बारमाही राहतो.

तुल्लू दिम्तू या ४,३७७ मीटर उंचीच्या शिखरावर गाडीने जाता येते. ओरोमो भाषेत याचा अर्थ तांबडी टेकडी. वर दूरसंचाराचा मनोरा आहे आणि वारा आहे, इतकेच. शिखर गाठल्याचे समाधान हवे असेल तर जावे, नाहीतर तो अर्धा तास लांडग्यांसाठी राखावा. पठारावर रात्र मात्र पहिल्या खेपेस काढू नये. दिवस वर घालवून गोब्याला परतावे आणि शक्य असल्यास दुसऱ्या सकाळी पुन्हा वर जावे. दोन सकाळी मिळाल्या तर लांडगे न दिसता परतण्याची वेळ सहसा येत नाही.

कपड्यांबाबत एवढेच की एका जाड कोटापेक्षा चार पातळ थर बरे. पहाटे कानटोपी व हातमोजे लागतात, अकरा वाजता सदऱ्यावर बसता येते आणि तेव्हाच ऊन सर्वांत जास्त भाजते. विरळ हवेत अतिनील किरण तीव्र असतात, म्हणून थंडी वाजत असतानाही उन्हापासून बचाव करणारे मलम लावावे आणि काळा चष्मा घालावा.

ज्यांना चालायचे आहे त्यांच्यासाठी

दिन्शोहून वेब खोऱ्यातून सानेत्तीपर्यंत तंबू आणि घोडे घेऊन चार ते सहा दिवस चालत जाता येते, आणि उंचीच्या दृष्टीने हाच सर्वांत शहाणा मार्ग आहे. वाटेत फिंच्आ हाबेरा येथे धबधबा आणि त्याच्या परिसरात सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरचा खडकातला आडोसा आहे. तेथील उत्खननावरून ४७ हजार ते ३१ हजार वर्षांपूर्वी माणसे त्यात राहत होती, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. जवळपास हिमनद्या असताना ही माणसे येथे टिकली ती मोल-रॅट भाजून खाऊन.

शाकाहाऱ्यांचे जेवण

मराठी शाकाहारी माणसाने येथे उपाशी राहण्याचे कारण नाही. टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा आंबोळीची आठवण करून देते, आणि शिरो म्हणजे हरभऱ्यासारख्या डाळींच्या पिठाचे, तिखट मसाल्याचे सरळसरळ पिठलेच. मागताना ‘त्सोम’, म्हणजे उपवासाचे, असा शब्द वापरावा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या अन्नात मांस, दूध, लोणी काहीच नसते. बालेत मुस्लिम वस्ती मोठी असल्याने उपवासाचे ताट प्रत्येक खानावळीत मिळेलच असे नाही, पण शिरो बहुतेक ठिकाणी मिळतो. मात्र ‘बोझेना शिरो’ मागवू नये, त्यात गोमांसाचे तुकडे असतात. पठारावर काहीच मिळत नाही, त्यामुळे डबा, खजूर आणि गरम पाण्याचा थर्मास गोब्यातूनच न्यावा.

शेवटचा टप्पा : हारेन्नाच्या जंगलात उतरताना

पठार ओलांडून रस्ता दक्षिणेला उतरू लागला की काही किलोमीटरांतच ढगांत बुडालेले हारेन्ना जंगल सुरू होते. शेवाळाने वेढलेली झाडे, त्याखाली बांबूची बने, आणि त्या बांबूवरच मुख्यतः जगणारी बाले माकडे. झाडांच्या उंच फांद्यांवर लाकडी नळकांडी टांगलेली दिसतात, ती मधमाश्यांची घरे आहेत. आणखी खाली रानटी कॉफी आहे, जिची फळे आसपासचे लोक जंगलात जाऊन तोडतात.

रिरा किंवा खालच्या एखाद्या वस्तीत कॉफीचे आमंत्रण आले तर ते स्वीकारावे, पण घड्याळाकडे पाहून. हिरवे दाणे तुमच्यासमोर भाजले जातात, उखळात कुटले जातात, जबेना नावाच्या मातीच्या किटलीत उकळतात आणि त्याच पुडीवर पाणी घालून तीन फेऱ्या होतात : अबोल, तोना आणि बरका. तिसरी फेरी आशीर्वादाची मानली जाते, ती न घेता उठणे यजमानांना आवडत नाही. त्याच दिवशी पठार ओलांडून गोब्याला परतायचे असेल, तर अंधार पडण्यापूर्वी वरून पार व्हावे लागते, म्हणून चालकाशी परतीची वेळ ठरवताना कॉफीचा हा तास-दीड तास आधीच धरावा.